एका पंक्तीचा प्रश्न : अन्नाविषयी बायबल काय सांगते

दिवाळीच्या सकाळी शेजारच्या घरातून फराळाचे ताट येते. गणेशचतुर्थीला मोदकांचा प्रसाद येतो. कधी मंदिरातील उत्सवाच्या महाप्रसादाचे आमंत्रण येते. भारतातील गावोगावी हा नित्याचा व्यवहार आहे. पण ज्या दारी ते ताट येते ते घर ख्रिस्ती असेल, तर तेथे एक प्रश्न उभा राहू शकतो. काही कुटुंबे हे सारेच आनंदाने स्वीकारतात आणि नाताळात तेच ताट करंज्या व केक यांनी भरून परत पाठवितात. काही कुटुंबे फराळ घेतात, परंतु देवापुढे ठेवलेला नैवेद्य नम्रपणे नाकारतात. आश्चर्य असे की, दोन्ही कुटुंबे आपल्या वागण्याला बायबलचा आधार आहे असे सांगतात, आणि दोघांचेही म्हणणे निराधार नसते.

हे कसे शक्य आहे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधताना प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बायबल हा एक ग्रंथ नव्हे, तो ग्रंथांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, रोमन कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३. ती अनेक शतकांच्या कालखंडात, हिब्रू, अरामी व ग्रीक या भाषांत लिहिली गेली. त्यांत कायदे आहेत, कथा आहेत, काव्य आहे, सुभाषिते आहेत, आणि विशिष्ट गावातील विशिष्ट लोकांना लिहिलेली पत्रेही आहेत. एखाद्या स्मृतिग्रंथात वा कायद्याच्या पुस्तकात कलम पाहावे तसे या संग्रहात रोजच्या प्रश्नाचे उत्तर पाहावयास जाणाऱ्याची बहुधा निराशा होते. त्याच्या हाती लागतो तो एक दीर्घकाळ चाललेला वाद.

पैसा, विवाह, कर, सणवार अशा अनेक प्रश्नांबाबत हे खरे आहे. त्यांपैकी एकच प्रश्न येथे घेऊ : काय खावे, आणि कोणाबरोबर खावे? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नावरून पहिल्या शतकातील ख्रिस्ती समाज दुभंगण्याच्या बेतात आला होता. ज्या देशात पंक्तिभेद, सोवळेओवळे आणि रोटीव्यवहार या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, त्या देशातील वाचकाला या वादाचे मर्म कळण्यास वेळ लागू नये.

शुद्ध आणि अशुद्ध

बायबलच्या आरंभी, उत्पत्तीच्या पुस्तकात, मानवाला अन्न म्हणून प्रथम वनस्पतीच नेमून दिलेल्या दिसतात. मांसाहाराची अनुज्ञा येते ती जलप्रलयानंतर, नोहाच्या कथेत. आणि तीही एका अटीवर. रक्त म्हणजे जीव. म्हणून रक्तासकट मांस खावयाचे नाही.

पुढे लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत इस्राएल लोकांसाठी सविस्तर आहारनियम दिलेले आहेत. ज्या पशूचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करतो, तो खाण्यास योग्य. उंट रवंथ करतो, पण त्याचे खूर या नियमात बसत नाहीत, म्हणून तो निषिद्ध. डुकराचे खूर दुभंगलेले असतात, पण तो रवंथ करीत नाही, म्हणून तोही निषिद्ध. जलचरांपैकी ज्यांना पर व खवले आहेत तेच खावयाचे. म्हणजे मासा चालेल, पण कोळंबी व खेकडा चालणार नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असाही एक नियम तीन ठिकाणी येतो. त्यातूनच मांस व दूध यांची भांडीदेखील वेगळी ठेवण्याची यहुदी प्रथा पुढे विकसित झाली.

या नियमांमागे आरोग्याचा विचार होता, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु मूळ ग्रंथ स्वतः ते कारण देत नाही. तो एवढेच म्हणतो की, हे लोक देवाचे म्हणून वेगळे काढलेले आहेत, आणि त्यांचे वेगळेपण त्यांच्या रोजच्या ताटातही दिसले पाहिजे. अन्न हे येथे ओळखीचे चिन्ह आहे.

परकी सत्ता आली तेव्हा या चिन्हाचे मोल वाढले. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात सिरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस याने यहुदी धर्माचारांवर बंदी घातली. कॅथलिक बायबलात समाविष्ट असलेल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एलाजार नावाच्या एका वृद्ध शास्त्र्याची हकिकत आहे. डुकराचे मांस खाण्याची त्याच्यावर सक्ती करण्यात आली. मित्रांनी त्याला सुचविले की, तू आपले चालणारे मांस आण आणि निषिद्ध मांस खाल्ल्याचा केवळ देखावा कर. त्याने ते नाकारले. आपल्या देखाव्याने तरुणांची दिशाभूल होईल, असे सांगितले आणि मरण पत्करले. ही पार्श्वभूमी विसरली तर पुढील वाद समजणार नाही. ज्या नियमासाठी पूर्वजांनी प्राण दिले, तो सोडून देणे ही केवळ रुचीची बाब असू शकत नाही.

येशूची पंगत

नव्या करारातील शुभवर्तमाने वाचताना एक गोष्ट सहज लक्षात येते. येशू पुष्कळदा जेवताना दिसतो, आणि त्याच्यावर आक्षेप घेतला जातो तो बहुधा ताटातील पदार्थांवरून नव्हे, तर सोबतच्या माणसांवरून. रोमन राजवटीसाठी जकात वसूल करणारे लोक समाजात तिरस्कृत होते. येशू त्यांच्या घरी जेवतो, ही त्याच्याविरुद्धची प्रमुख तक्रार होती. यरीहो गावात जक्कय नावाच्या जकातदारांच्या प्रमुखाकडे तो आपण होऊन पाहुणा म्हणून गेला आणि सारा गाव कुरकुरला, असे लूक लिहितो.

मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात एक वाद येतो. शिष्य हात न धुता जेवतात, ही परुश्यांची तक्रार आहे. हा प्रश्न आरोग्याचा नसून विधीच्या शुद्धतेचा होता. येशूच्या उत्तराचा आशय असा की, बाहेरून आत जाणारी वस्तू माणसाला भ्रष्ट करीत नाही. त्याच्या अंतःकरणातून बाहेर पडणारी चोरी, लोभ, व्यभिचार, निंदा ही त्याला भ्रष्ट करतात. यावर मार्क आपली टीप जोडतो की, अशा रीतीने सर्व अन्ने शुद्ध ठरली. मत्तयाने हाच प्रसंग दिला आहे, पण त्याच्याकडे ही टीप नाही. एकाच वचनाचा अर्थ किती दूरवर न्यावा, याबद्दल शुभवर्तमान लिहिणाऱ्यांतही एकवाक्यता नव्हती, हे यावरून दिसते.

अंत्युखियातील भांडण

येशूनंतर त्याच्या अनुयायांत यहुदी नसलेले लोक येऊ लागले, आणि प्रश्न पुस्तकातून उतरून पानावर आला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील दहाव्या अध्यायात पेत्राच्या दर्शनाची कथा आहे. यापो या बंदरगावी, शिमोन नावाच्या चामडे कमावणाऱ्याच्या घराच्या गच्चीवर, भर दुपारी भुकेल्या पेत्राला दिसते की आकाशातून एक मोठी चादर खाली येत आहे आणि तीत सर्व प्रकारचे पशुपक्षी आहेत. त्यांतून मारून खा, अशी आज्ञा होते. तो नकार देतो. असे तीन वेळा घडते. थोड्याच वेळात कैसरियातील कर्नेल्य या रोमन शताधिपतीची माणसे दारी येतात, आणि पेत्र त्या परक्याच्या घरी जातो. तेथे तो दर्शनाचा अर्थ सांगतो : कोणत्याही माणसाला अपवित्र वा अशुद्ध म्हणू नये, हे देवाने मला दाखविले. दर्शन पदार्थांचे होते, पण पेत्राने काढलेला निष्कर्ष माणसांविषयी आहे. या विषयावरील पुढच्या साऱ्या विचाराचे बीज येथे आहे.

परंतु दर्शन झाले म्हणून सवय मोडतेच असे नाही. सिरियातील अंत्युखिया नगरीत यहुदी व यहुदीतर ख्रिस्ती एकत्र जेवत असत, आणि पेत्रही त्यांच्यात बसत असे. मग यरुशलेमहून याकोबाकडील काही माणसे आली. त्यांच्या भयाने पेत्र हळूहळू त्या पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी उठले. पौलाचा सहकारी बर्णबाही उठला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला त्याच्या तोंडावर दोष दिला. ही हकिकत पौलाने स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात दिली आहे. पेत्राने अमुक खाल्ले वा खाल्ले नाही, हा पौलाचा आक्षेप नव्हता. पंक्तीतून उठल्याने उरलेल्यांना ‘तुम्ही कमी प्रतीचे आहात’ असे सांगितले जाते, हा आक्षेप होता.

हा प्रश्न सोडविण्यासाठी इ. स. ४९च्या सुमारास यरुशलेमात प्रेषितांची सभा भरली, असे कृत्यांच्या पुस्तकात सांगितले आहे. यहुदीतरांवर सगळ्या नियमशास्त्राचे ओझे लादू नये, असे ठरले. मात्र चार गोष्टी वर्ज्य करण्यात आल्या : मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या पशूचे मांस, आणि व्यभिचार. एकत्र बसता यावे म्हणून दोन्ही बाजूंनी काही सोडावे, असा हा तोडगा होता.

करिंथचा मांसबाजार

आता आपण आरंभीच्या प्रसादाच्या ताटाकडे येतो. करिंथ हे ग्रीसमधील भरभराटीचे व्यापारी शहर होते. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले होते, इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरच्या आज्ञेने तेथे रोमन वसाहत वसविण्यात आली. तेथील मंदिरांत बळी दिले जात, आणि त्या मांसाचा काही भाग बाजारात विक्रीस येई. देवळांच्या आवारात जेवणाच्या खोल्याही असत. अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या मंदिरालगतच्या अशा खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. म्हणजे विवाह, मेजवानी, बाजारहाट या सर्वच ठिकाणी करिंथच्या ख्रिस्ती माणसासमोर देवाला वाहिलेले अन्न येणार हे ठरलेले होते.

तेथील मंडळीत दोन तट पडले. एक म्हणे, मूर्ती ही काही वस्तूच नव्हे, मग तिला वाहिलेल्या अन्नाने काय बिघडणार? दुसऱ्या तटातील लोक कालपर्यंत त्याच देवळात पूजा करीत होते. तो घास तोंडात घालताच त्यांना आपण जुन्या उपासनेत परतल्यासारखे वाटे. पहिल्या तटात सुशिक्षित व संपन्न लोक अधिक असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कारण मांस व मेजवान्या या श्रीमंतांच्या नित्य परिचयाच्या गोष्टी होत्या, तर गरिबाला मांस मिळे ते मुख्यतः देवतांच्या सार्वजनिक उत्सवात.

इ. स. ५५च्या सुमारास पौलाने इफिस येथून करिंथकरांस जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत या प्रश्नाचा ऊहापोह आहे. तो एकच नियम देत नाही. तीन प्रसंग वेगळे काढतो. देवळात जाऊन तेथील विधियुक्त भोजनात सहभागी होणे, हा उपासनेतील सहभाग ठरतो, म्हणून ते नको. बाजारात विकले जाणारे मांस मात्र चौकशी न करता खुशाल घ्यावे, कारण सारी पृथ्वी देवाचीच आहे. आणि परधर्मीय शेजाऱ्याने घरी जेवावयास बोलावले, तर जावे आणि वाढलेले खावे. परंतु कोणी मुद्दाम सांगितले की हे देवाला वाहिलेले आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी ते खाऊ नये.

येथे पौलाची विचारपद्धती पाहण्यासारखी आहे. तत्त्वतः तो पहिल्या तटाशी सहमत आहे. तरीही तो त्यांनाच संयम शिकवितो. तुमचे ज्ञान बरोबर असेल, पण त्या ज्ञानाच्या तोऱ्याने तुमचा एखादा दुबळा भाऊ आपल्या मनाविरुद्ध वागून मोडून पडणार असेल, तर त्या ज्ञानाला किंमत नाही. माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल, तर मी मांसच सोडीन, असे तो म्हणतो. पुढे इ. स. ५७च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हेच सूत्र अधिक व्यापक होते. तेथे काही लोक केवळ भाजीपाला खाणारे होते, काही सर्व खाणारे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असा तेथील उपदेश आहे.

सर्वच आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांना ही सवलत मान्य नव्हती. नव्या करारातील अखेरचे पुस्तक, प्रकटीकरण, मूर्तीला वाहिलेले अन्न खाणाऱ्यांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करते. रोमन साम्राज्यात सार्वजनिक यज्ञभोज हा राजनिष्ठेचाही भाग होता. सुमारे इ. स. ११२ मध्ये बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा उल्लेख करून, बळींच्या मांसाला मध्यंतरी क्वचितच गिऱ्हाईक मिळत होते आणि आता ते पुन्हा विकले जाऊ लागले आहे, असे नमूद केले आहे. प्रसाद घेणारे ख्रिस्ती कुटुंब पौलाच्या बाजाराविषयीच्या व मेजवानीविषयीच्या उत्तराकडे बोट दाखविते. न घेणारे कुटुंब देवळाविषयीच्या त्याच्या उत्तराकडे, यरुशलेमच्या ठरावाकडे आणि प्रकटीकरणाकडे. दोघांचीही वचने खरी आहेत.

एका भाकरीचे वाटेकरी

याच पत्राच्या अकराव्या अध्यायात आणखी एका भोजनाचा विषय येतो. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी प्रभुभोजन आहे : येशूने आपल्या मृत्यूच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर भाकर व द्राक्षारस घेतला, त्याचे स्मरण. करिंथमध्ये हे एका मोठ्या घरात, खऱ्याखुऱ्या जेवणासह होत असे. पौल रागावून लिहितो की, तुमच्यात कोणी आधीच जेवून घेतो, कोणी पिऊन धुंद होतो आणि कोणी उपाशी राहतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजविता. रोमन घराच्या मुख्य भोजनगृहात साधारण नऊ माणसे मावत. उरलेल्यांना, म्हणजे दास व मजूर यांना, कामावरून उशिरा येऊन अंगणात बसावे लागत असावे, असे अभ्यासक सुचवितात. आपल्याकडील शब्दांत सांगावयाचे, तर हा पंक्तिभेद होता. अशा जेवणाला प्रभूचे भोजन म्हणताच येत नाही, असा पौलाचा निकाल आहे. मूर्तीच्या प्रसादाबाबत इतके बारकावे करणारा हा लेखक येथे मात्र कोणतीही सवलत देत नाही.

पुढे ख्रिस्ती जगतात आहाराचे आचार निरनिराळे झाले. इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये डुकराचे मांस आजही वर्ज्य आहे. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथीयही ते खात नाहीत, आणि त्यांच्यातील पुष्कळ जण शाकाहारी आहेत. केरळातील सिरियन ख्रिस्ती ईस्टरपूर्वीच्या पन्नास दिवसांच्या नोंबूत, म्हणजे उपवासकाळात, मांस सोडतात. हे सर्व बायबल वाचणारेच लोक आहेत. त्यांच्यातील भेद रोमकरांच्या पत्रातील सूत्रात सामावून जातो. पंक्तिभेद मात्र त्यात सामावत नाही.

भारतातील कसोटी

भारतात या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली. आहाराचा आचार आणि जातीचा आचार येथे एकमेकांत इतके गुंतलेले होते की, एकाला हात लावताच दुसरा हलत असे.

याचे एक टोक गोव्यात दिसते. तेथील इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात नवख्रिस्त्यांच्या अनेक जुन्या रीतींवर बंदी घातली. त्यांत हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजविण्यासही मनाई होती. खाणाऱ्याने न खाणाऱ्याचा न्याय करू नये असे सांगणाऱ्या पत्राला पवित्र मानणाऱ्या संस्थेने लोकांच्या भाताच्या हंडीतील मीठ तपासावे, हा इतिहासातील विपर्यास होय.

दुसरे टोक तमिळ प्रदेशात दिसते. इटालियन जेझुइट रॉबर्ट द नोबिली १६०६ मध्ये मदुराईस आला. त्याने संन्याशाची वस्त्रे व शाकाहार स्वीकारला, तमिळ व संस्कृतचा अभ्यास केला. जातीचे आचार हे सामाजिक आहेत, धार्मिक नव्हेत, अशी त्याची भूमिका होती. १६२३ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी याने त्याच्या पद्धतीला मान्यता दिली. इतरांच्या अन्नसंस्काराविषयीचा त्याचा आदर विलक्षण होता, यात शंका नाही. पण त्या आदराची किंमत कोणी दिली, हाही प्रश्न आहे. कारण त्या व्यवस्थेत खालच्या मानलेल्या जातींतील ख्रिस्ती लोक वेगळेच राहिले.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही हेच घडले. अठराव्या शतकात तमिळ लूथरन चर्चमध्ये जातवार वेगळे बसण्याची रीत रूढ होती. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी पत्रक काढून चर्चमधील जातिभेद तत्काळ सोडण्याचा आदेश दिला. तंजावर येथे त्यावरून मोठी खळबळ माजली आणि पुष्कळ लोक चर्चपासून दूर झाले. तेथील थोर ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री यांनी नव्या मिशनऱ्यांच्या अशा सुधारणांना आधीच लेखणीने विरोध केला होता. जातींची सरमिसळ करण्याबरोबरच आमची फुले आणि आमची गाणी यांवरही हे परके लोक बंदी घालतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यातील फुलांची व गाण्यांची तक्रार रास्त होती, असे आज कोणीही म्हणेल. पण जातीची?

येथे बायबलचा वाचक एका खऱ्या पेचात सापडतो. जात पाळणारा ख्रिस्ती माणूस हा रोमकरांच्या पत्रातील ‘दुबळ्या मनाचा भाऊ’ मानावा, की अंत्युखियाच्या पंगतीतून उठून गेलेला पेत्र मानावा? पहिले मानले तर त्याला सांभाळून घ्यावयास हवे; दुसरे मानले तर त्याला तोंडावर दोष द्यावयास हवा. दोन्ही प्रसंग एकाच पौलाचे आहेत. त्यांतील फरक कोठे आहे, हे नीट पाहिले म्हणजे उत्तर सापडते. रोममध्ये ज्याला सवलत हवी आहे तो स्वतःच्या ताटातून काहीतरी वगळतो. दुसऱ्याला उठवीत नाही. अंत्युखियात मात्र एकाच्या सोवळ्यासाठी दुसरा माणूस कमी ठरतो. पहिल्या ठिकाणी झीज बलवानाने सोसावयाची आहे. दुसऱ्या ठिकाणी ती दुर्बलावर लादली जात आहे.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे हा फरक स्पष्ट करतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, परंतु त्यांनी तेथेही शाकाहार सोडला नाही. काही हितचिंतकांना त्यात जुन्या जात्यभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंनी मात्र धर्म स्वीकारणे म्हणजे इंग्रजांचे ताट स्वीकारणे नव्हे, हे आपल्या आचरणाने दाखविले. पुढे याच रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यानंतरही दीर्घकाळ त्या सोवळेओवळे पाळीत होत्या. ते बंधन त्यांच्या मनातून कसे गळून पडत गेले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त कसलाही आव न आणता सांगितले आहे. एकीने आपला आहार राखला, दुसरीने आपले सोवळे सोडले. दोघींच्याही वागण्याने कोणी पंक्तीतून उठविला गेला नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित ख्रिस्त्यांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्येही अस्पृश्यता व भेदभाव चालत आल्याचे मान्य करण्यात आले आहे. अंत्युखियातील रिकामे पाट अद्याप भरावयाचे आहेत, असाच या कबुलीचा अर्थ होय.

उत्तराचे स्वरूप

तेव्हा रोजच्या प्रश्नांबाबत बायबल काय शिकविते, याचे उत्तर एका वाक्यातील आज्ञेत सापडत नाही. अन्नाच्या प्रश्नावरून जे दिसले ते असे : आधी नियम आहे आणि त्या नियमासाठी दिलेले प्राण आहेत, नंतर त्या नियमाच्या अर्थाविषयीची शंका आहे, मग भांडण, तडजोड आणि पुन्हा मतभेद आहेत. या साऱ्या वाटचालीत प्रश्नाचा रोख मात्र हळूहळू बदलत गेला. ‘ताटात काय आहे’ याऐवजी ‘ताटाशेजारी कोण आहे आणि माझ्या वागण्याने त्याचे काय होते’ असे विचारले जाऊ लागले. पैसा, विवाह वा सणवार यांविषयीची वचने वाचतानाही ज्याला हा बदललेला रोख दिसेल, त्याला परस्परविरोधी वाटणाऱ्या वचनांची संगती काही अंशी तरी लागेल.

आरंभीच्या त्या दोन कुटुंबांना म्हणूनच एकमेकांना खोटे पाडण्याचे कारण नाही. प्रसाद घेणाऱ्याने न घेणाऱ्याच्या मनाला हसू नये, न घेणाऱ्याने घेणाऱ्याला धर्मभ्रष्ट म्हणू नये, एवढे रोमकरांच्या पत्राने दोघांनाही बांधून दिले आहे. आणि ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याचा अपमान होऊ नये, हे तर दोघांनाही मान्य असते. कठीण प्रश्न त्या ताटाचा नाहीच. आपल्याच चर्चमधील ज्या माणसाच्या घरचे ताट आपल्या दारी कधी आलेले नाही, ते का आले नाही, हा प्रश्न अधिक कठीण आहे. पौलाने पेत्राला अंत्युखियात विचारले होते ते हेच.